सासऱ्यांना लघवीची नळी लावून घरी पाठवलंय, बाजूनं गळून राहिली आहे. घरी काळजी कशी घ्यायची?

वर्षा, मानेवाडा

नमस्कार. माझे सासरे ७३ वर्षांचे, पोस्टातून रिटायर झालेले. मागच्या आठवड्यात रात्री त्यांची लघवी एकदम अडकली. ओटीपोट फुगून टणक झालं, घामानं बनियन भिजलं, बसवेना न उभं राहवेना. तशाच अवस्थेत ऑटोनं दवाखान्यात नेलं. नळी टाकल्याबरोबर ८०० मिलिलिटर लघवी निघाली. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली दिसली. लघवीची वाट सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी रात्रीसाठी सुरू केली, नळी तशीच ठेवली आणि पुढच्या आठवड्यात दाखवायला या म्हणाले. सुट्टी देताना काय काय करायचं ते मला दारातच भराभर सांगितलं. मी इतकी घाबरलेली होते की अर्धं डोक्यात शिरलंच नाही.

आता नळीच्या बाजूनं लघवी गळते, पायजमा ओला होतो. पिशवीतली लघवी गडद पिवळी आहे आणि वास येतो. मेडिकल स्टोअरवाला म्हणतो पाच दिवसांची अँटिबायोटिक घेऊन जा. शेजारच्या काकू म्हणतात डेटॉलच्या पाण्यानं रोज धुवा. जाऊबाई धन्याचं पाणी द्यायला सांगतात. कोणाचं ऐकू?

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मामाजी पाणीच पीत नाहीत. इथे नागपुरात बाहेर पारा ४५ च्या वर, हे दिवसभर कूलरसमोर पडून असतात, आणि ग्लास पुढे केला की मान फिरवतात. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना वाकता येत नाही. म्हणजे पिशवी रिकामी करायची ती मीच. धुणं-पुसणं कोणी करायचं हा तर प्रश्नच आहे. मला करायला हरकत नाही, पण मामाजी माझ्याकडून करून घेणार नाहीत. आजवर त्यांनी माझ्यासमोर कधी उघड्या अंगानं जेवणसुद्धा केलेलं नाही.

प्रभाकर, नंदनवन

ताई, मी या सगळ्यातून गेलोय. प्रोस्टेटचं दूरबिणीचं ऑपरेशन होईपर्यंत नळी होती. तुमच्या सासऱ्यांना काय वाटत असेल ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्यापाशी कोणी बसायला आलं की मी पिशवीवर टॉवेल टाकायचो आणि तो माणूस जाईपर्यंत हलायचो नाही. मांडीला पट्ट्यांनी बांधायची छोटी पिशवी मिळते, धंतोली-रामदासपेठेतल्या सर्जिकल दुकानांत विचारा. सैल पायजमा घातला की काहीच दिसत नाही. मी ती बांधून सकाळी सक्करदऱ्याच्या बाजारातून भाजी आणायचो. रात्री मात्र मोठी पिशवी लावा, छोटी झोपेत भरून जाते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिन चालू आहे हे आधी सांगा. त्या गोळीनं बाहुली ढिली पडते, सर्जनला तयारी वेगळी करावी लागते. मला हे डोळ्याच्या दवाखान्यातच कळलं.

शालिनी, निवृत्त स्टाफ नर्स

वर्षा बेटा, माझी नोकरीतली बरीच वर्षं पुरुषांच्या सर्जिकल आणि युरॉलॉजी वॉर्डात गेली. तुझी पोस्ट वाचली आणि पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की नळी मामाजींना लागली आणि तिच्याविषयी सगळं सांगितलं तुला. ते कॉटवर बसून छताकडे पाहात असतील. मी हे रोज पाहायची. सुट्टीच्या वेळी सगळे सुनेशी नाही तर पोराशी बोलतात, आणि ज्याच्या अंगात नळी आहे तो माणूस सामानाची पिशवी असल्यासारखा बाजूला. मग तो घरी जाऊन पाणी बंद करतो. काहून? कारण पाणी प्यायलं की पिशवी भरणार आणि पिशवी भरली की सुनेला हाक मारावी लागणार. काटोलकडचे एक संत्रा बागाईतदार होते, त्यांनी तर तोंडानं सांगितलं होतं, "बाई, पाणी पेलो की पोरीले तरास होते." त्यांच्या नळीत पांढरा रवाळ गाळ बसून ती बंद पडली होती, म्हणून परत आले होते.

तेव्हा आधी हे कर. मामाजींचे हात चालतात, नजर ठीक आहे, मग पिशवी रिकामी करणं आणि धुणं त्यांच्याच हातात दे. मिस्टर घरी असतील तेव्हा बापलेकांना बाथरूममध्ये एकत्र पाठव, एकदा-दोनदा मुलानं करून दाखवावं, पुढे ते स्वतः करतील. पोस्टात हिशेब ठेवलेला माणूस आहे. एक वही आणि जुना मापाचा मग दे, किती लघवी झाली ते तेच लिहितील. त्यांना काम मिळालं की पाणीही पितील. वॉर्डात मी हे इतक्यांदा होताना पाहिलंय की तुला छातीठोकपणे सांगते.

आता गळण्याचं. लघवी बाजूनं गळते म्हणजे नळी लहान पडली, मोठी टाका, असं बरेच जण म्हणतात. जाड नळीनं उलट मूत्राशय जास्त आवळतं. आधी पाहा नळी कुठे पिळली आहे का, मांडीखाली दबते का, पिशवीचा पाइप लोंबून त्याचा झोल झालाय का. नंतर विचार की शौचाला केव्हा झाली. मला दाट शंका तिथेच आहे. पाणी कमी, दिवसभर आडवं पडणं, म्हणजे पोट घट्ट. भरलेलं आतडं मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतं. त्यात गडद लघवी मूत्राशयाला आतून चुरचुरते, ते कळ काढून आवळतं, आणि नळीतून जाण्याआधी लघवी बाजूनं बाहेर येते. पेशंट सांगतो, "लघवीला लागल्यासारखं होते, कळ येते न मग ओलं होते." मामाजी असंच सांगतात का विचार. पाणी आणि पोट सुधारलं तर पुष्कळदा गळणं आपोआप थांबतं. नाही थांबलं तर मूत्राशयाची आवळ कमी करायचं औषध असतं, ते डॉक्टर देतील. इसबगोल द्यायचं तर भरपूर पाण्यासोबतच, कमी पाण्यात ते पोटात गच्च बसतं. संडासात जोर मात्र लावू देऊ नको.

पाणी किती, तर ग्लास मोजत बसू नको. पाइपमधली लघवी फिकट पिवळी दिसली पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात अर्धं पाणी घामातच जातं, म्हणून जे पुण्यातल्या माणसाला पुरेल ते इथे पुरत नाही. ताक, लिंबूपाणी, धन्याचं पाणी, जे आवडेल ते द्या. धन्याच्या पाण्यानं प्रोस्टेट लहान होणार नाही, पण पोटात पाणी जाईल तेवढा फायदा आहेच, जाऊबाईंना नाराज करू नको. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचार.

डेटॉल, सॅव्हलॉन, बीटाडीन काही नको. नाजूक कातडी जळते आणि फायदा काही होत नाही. अंघोळीचा साधा साबण आणि पाणी, दिवसातून एकदा, आणि शौचाची घाण लागली असेल तर पुन्हा. आधी हात साबणानं धुवायचे. नळी जिथून बाहेर येते तिथून सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं पुसायचं, बाहेरून आत कधीच नाही. पावडर, तेल, क्रीम काही लावू नका.

आता एक गोष्ट सरळ शब्दांत सांगते, कारण संकोचापायी ती कोणी सांगत नाही आणि मग माणसं रात्री कॅज्युअल्टीत येतात. धुताना लिंगाच्या टोकावरची कातडी मागे घेतात. धुवून झाल्यावर ती पुढे आणायचीच. मागेच राहिली तर तिचा आवळ बसतो, पुढचा भाग सुजतो, आणि सूज वाढली की कातडी पुढे येतच नाही. नळी टाकतानाही कातडी मागे घेतलेली असते. घाईत ती पुढे आणायची राहून गेल्याचं मी पाहिलेलं आहे. आज मिस्टर घरी आले की त्यांना एवढं नक्की पाहायला सांग.

पिशवी नेहमी कमरेच्या खाली. कॉटच्या कडेला हुक करून टांगा, फरशीवर टेकू देऊ नका. झोपताना बरेच जण ती उचलून उशाशी ठेवतात, मग पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. तोटी मगाला टेकवू नका, बंद करण्याआधी टोक पुसून घ्या. नळी आणि पिशवीचा जोड पुन्हा पुन्हा उघडू नका, जंतूंना तेच दार असतं. पिशवी साधारण आठवड्यानं बदलतात, फाटली किंवा गाळ साचला तर आधी. नळी मांडीला सैलसर चिकटपट्टीनं लावा, वळताना ओढ बसली नाही पाहिजे, आणि रोज मांडी बदला. आत तिला साधारण १० मिलिलिटर पाण्याचा फुगा असतो, तो फुगलेला असताना नळी ओढली गेली तर रक्तस्राव होतो.

अँटिबायोटिकचं म्हणशील तर मेडिकलवाल्याकडून घेऊ नको. नळी राहिली की काही दिवसांत लघवीत जंतू सापडणारच, महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या सापडतात. नुसत्या वासावर किंवा गढूळपणावर गोळ्या खाल्ल्या तर जंतू निगरगट्ट होतात आणि खरी गरज पडली तेव्हा औषध चालत नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या, म्हाताऱ्या माणसाचं अचानक बरळणं, लघवीत रक्ताच्या गाठी, किंवा दोन-तीन तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट दुखतंय, यातलं काहीही झालं तर घरी थांबायचं नाही. कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला, लघवी द्यायची वेळ आली तर पिशवीतली देऊ नका, ती शिळी असते.

एक विचारते. लघवी अडकण्याआधी मामाजींनी सर्दीची गोळी घेतली होती का?

रजनी, उमरेड रोड

शालिनीताई, मध्येच विचारते, माफ करा. माझ्या आईचं अंग बाहेर येतं. वय ६८. लघवी पूर्ण होत नाही, बसल्यावर हातानं आत ढकलावं लागतं तेव्हा धार सुटते. मागच्या वर्षी डॉक्टरांनी अंग धरून ठेवायला आत रिंग बसवली. तेव्हापासून ती दाखवायलाच गेली नाही, आता बरं आहे म्हणते. पण कपड्याला पिवळसर डाग आणि वास येतो. नळी नाही, पण लघवीचाच विषय म्हणून विचारलं.

वर्षा, मानेवाडा

ताई, हो! कूलरनं सर्दी झाली होती, दोन दिवस गोळी घेत होते. तुम्हाला कसं कळलं?

आणि ताई, मिस्टर आता घरी आले, तुम्ही लिहिलेलं त्यांना वाचायला दिलं. त्यांनी मामाजींना विचारून पाहिलं. कातडी मागेच आहे आणि पुढचा भाग सुजून लाल झालाय. मामाजी म्हणाले दोन दिवसांपासून दुखत होतं, पण सांगावं कसं म्हणून गप्प राहिले. काय करू? सकाळी नेऊ का?

शालिनी, निवृत्त स्टाफ नर्स

सकाळी नाही, आत्ता. जेवणं राहू दे. मानेवाड्याहून मेडिकल कॉलेजचा दवाखाना जवळ आहे, सरळ कॅज्युअल्टीत जा, किंवा नळी टाकली तिथे जा. घरी जोरानं ओढून पुढे आणायचा प्रयत्न करू नका आणि बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. तिथे पोचल्यावर "नळी गळते" असं सांगू नका, नाही तर बसवून ठेवतील. मिस्टरांनी म्हणायचं, "कातडी मागे अडकून सूज आली आहे, दोन दिवस झाले." पिशवी गाडीत मांडीवर नको, पायाशी टांगती धरा. जुने कागद आणि गोळ्या सोबत ने.

प्रभाकर, नंदनवन

ताई, निघालात का? गाडीची अडचण असेल तर सांगा, मी नंदनवनातच आहे.

वर्षा, मानेवाडा

आता घरी पोचलो. प्रभाकरकाका, मनापासून आभार, शेजारच्यांची गाडी मिळाली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बधिर करायची जेली लावली, बराच वेळ हातानं दाबून सूज उतरवली आणि मग कातडी पुढे आणली. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कापावं लागलं असतं. मामाजींना खूप दुखलं, पण आता शांत झोपलेत. नळीही तपासली, चालू आहे. शौचाचं विचारलं तर चार दिवसांपासून नीट झालीच नव्हती. त्यासाठी औषध दिलंय.

येताना मामाजींनी गाडीत स्वतःहून पाण्याची बाटली मागितली. मिस्टरांनी धुणं-पिशवीचं सगळं त्यांना समजावून सांगितलं. उद्यापासून मीच करीन म्हणाले. ताई, आता नळी निघणार केव्हा? आणि निघाल्यावर पुन्हा अडकली तर?

शालिनी, निवृत्त स्टाफ नर्स

बरं झालं बेटा. सूज एक-दोन दिवस थोडी राहील, रोज पाहायला सांग.

सर्दीचं असं, की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं आणि झोप आणणारं औषध एकत्र असतं. एकानं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसऱ्यानं मूत्राशयाची ताकद मंदावते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची धार आधीच बारीक, त्यात ही गोळी पडली की लघवी ठप्प. उन्हाळ्यात कूलरची सर्दी झाली की असे पेशंट येतातच. आता मामाजींच्या नावापुढे लिहून ठेव, सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना ही गोळीची गोष्ट आवर्जून सांग. त्यांच्यासाठी ती मोठी माहिती आहे. टॅम्सुलोसिननं उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून जेवणानंतर घ्यायची आणि रात्री आधी कॉटवर बसून मगच उभं राहायचं. उन्हानं पाणी कमी झालं असेल तर तोल जाण्याची भीती आणखी.

नळी किती दिवस ठेवायची हे प्रत्येक भेटीत विचार. संकोच करू नको. गरज संपल्यावर राहिलेला एकेक दिवस जंतूंच्या फायद्याचा असतो. गोळीला काही दिवस मिळाले की नळी काढून पाहतात. शक्यतो सकाळी काढतात, म्हणजे पुन्हा अडकली तर हाताशी दिवस असतो. त्या दिवशी घाबरून तांब्यामागून तांब्या पाणी पाजू नको, नेहमीसारखं द्या. मूत्राशय एकदम ताणलं की ते काम करत नाही. दोन-तीन वेळा लघवी झाली की आत किती उरली ते सोनोग्राफीत पाहतात. पहिल्या एक-दोन वेळा जळजळ होईल, फिकट गुलाबी रंग दिसेल, त्याला घाबरायचं नाही. नाही जमलं तर नळी पुन्हा टाकतील आणि ऑपरेशनचं बोलतील. प्रभाकररावही त्या ऑपरेशनमधून गेलेलेच आहेत. पण ते झालंच तर घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, खपली सुटते तेव्हा, लघवीत रक्त येऊ शकतं. म्हणून सहा आठवडे ओझं उचलणं नाही आणि संडासात जोर नाही.

रजनी, तुझं विसरले नाही. आईची रिंग वर्षभर तशीच असेल तर याच आठवड्यात स्त्रीरोग ओपीडीत दाखव, मेडिकल, मेयो, डागा, कुठल्याही सरकारी दवाखान्यात. ती बसवून विसरायची वस्तू नाही. ठरावीक महिन्यांनी काढून, धुवून, आतली कातडी पाहून परत बसवतात. जास्त दिवस राहिली तर आतल्या भिंतीला जखम करते, वास आणि डाग त्याचेच असू शकतात. रक्त दिसलं तर त्याच दिवशी ने. पाळी गेल्यानंतर आतली कातडी पातळ आणि कोरडी झालेली असते, त्यासाठी हार्मोनचं क्रीम देतात, त्याबद्दल विचार. आई हातानं ढकलून लघवी करते हे डॉक्टरांना तू सांग, ती सांगणार नाही. आणि पाण्याच्या कळशा कोण उचलतं ते पाहा. अंग बाहेर येणाऱ्या बाईच्या घरी बहुतेक तीच उचलत असते.

वर्षा, नळी काढायला जाल त्या दिवशी सैल पायजमा आणि एक जास्तीचा जोड सोबत ने. आणि मामाजींची वही विसरू नको, डॉक्टरांच्या हातात ती त्यांनाच देऊ दे.